जाड राफ्ट ओतताय? खाडीकाठच्या साइटवर या चुका टाळा

मुंबई-ठाण्यापासून पनवेल-रत्नागिरीपर्यंत टॉवरच्या कुठल्याही साइटवर एप्रिल-मे महिन्यांत एकच घाई असते: पावसाच्या आत खड्ड्यातून वर यायचं. त्यामुळे वर्षातल्या सगळ्यात तापलेल्या दिवसांत इमारतीचं सगळ्यात जाड काँक्रीट पडतं. ज्यांच्या हाताखालून शेकडो स्लॅब गेले आहेत, अशी अनुभवी माणसंच इथे चुकतात, कारण स्लॅबच्या सवयी ती राफ्टवर, म्हणजे अख्ख्या इमारतीखालच्या सलग जाड पायावर, घेऊन येतात.

हिशोबासाठी एक राफ्ट धरू: 40 मीटर लांब, 30 मीटर रुंद, अडीच मीटर जाड. म्हणजे 3000 घनमीटर काँक्रीट, साइटच्या भाषेत माल.

पाणी मारण्याची घाई

ही सगळ्यात महागडी चूक आहे आणि ती चांगल्या हेतूने होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मुकादम विटांचे बांध घालून राफ्टवर पाणी भरतो. दीडशे मिलिमीटरच्या स्लॅबला हे योग्यच. अडीच मीटरच्या राफ्टचं पोट मात्र त्या वेळी तापत असतं. सिमेंट आणि पाणी यांच्या रासायनिक क्रियेतून निघालेली उष्णता स्लॅबमधून काही तासांत निघून जाते. जाड राफ्टच्या मधोमध ती कोंडून राहते आणि तापमान साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिखर गाठतं. पोट 70 अंशांवर असताना पाठीवर 28 अंशांचं पाणी सोडलं, की वरचा थर आकसतो, आतला फुगलेलाच राहतो आणि कोवळं काँक्रीट ताणाखाली फाटतं.

म्हणून दोन आकडे साइट ऑफिसच्या भिंतीवर लावावेत. पोट आणि पृष्ठभाग यांच्या तापमानातला फरक 20 अंशांच्या आत हवा. पोटाचं तापमान 70 अंशांच्या पुढे जाऊ नये. दुसरा आकडा अनेक जण गंभीरपणे घेत नाहीत. कोवळं काँक्रीट त्याहून जास्त तापलं, तर एट्रिन्जाइट नावाचं संयुग त्या वेळी नीट तयार होत नाही. ते पुढे काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, ओलावा मिळाला की तयार होतं आणि काँक्रीटला आतून फुगवून भेगा पाडतं. खाडीकाठच्या पायाला ओलावा बारा महिने आहेच.

मग करायचं काय? फिनिशिंग होऊन पृष्ठभाग हाताला लागेनासा झाला, की जाड प्लास्टिक अंथरायचं म्हणजे आतलं पाणी आतच राहतं. त्यावर थर्माकोलच्या शीट, आणि त्या उडू नयेत म्हणून वरून ताडपत्री व वजन. समुद्राकडचा वारा संध्याकाळनंतर कडा आधी गार करतो, म्हणून बाजूंनाही हे पांघरूण हवं आणि बाजूचं शटरिंग लवकर खोलू नये. गोणपाट वापरायचंच असेल तर प्लास्टिकवर आणि कोरडं वापरा; ओलं गोणपाट ऊब धरत नाही, उलट वाऱ्यावर गारच होतं.

थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारा, ओतण्याआधी सळईला बांधावे लागतात: मधोमध, वरच्या पृष्ठभागाखाली 50 मिलिमीटरवर, तळाशी, आणि एक संच कडेजवळ. पहिल्या आठवड्यात दर तासाला नोंद घ्यावी. फरक 18 अंशांवर गेला की पाणी मारू नका, थर्माकोलचा आणखी एक थर चढवा. पांघरूण काढायचं ते पोटाचं तापमान बाहेरच्या हवेच्या 20 अंशांच्या आत आल्यावर, तेही टप्प्याटप्प्याने. एवढ्या जाडीला दहा-बारा दिवस सहज लागतात. सेंट्रिंगवाले कॉलम उभे करायला घाई करतील. जेवढा तुकडा त्यांना लागेल तेवढाच मोकळा करून द्या.

रात्री ओतलं म्हणजे गार, हा समज

नागपूर-पुण्याच्या अनुभवावरून रात्रीच्या कामाचा सल्ला दिला जातो. किनाऱ्यावर मे महिन्यात दिवसाचा पारा 33-34 असतो आणि रात्री 26 च्या खाली क्वचितच उतरतो. ऊन टळतं हे खरं, पण मोठा फायदा होईल ही अपेक्षा चूक. दमट हवेत खडीवर पाणी शिंपडूनही ती कोरड्या प्रदेशाएवढी गार होत नाही. खडीवर छप्पर घालणं जास्त कामाचं, कारण मालात वजनाने सगळ्यात जास्त खडी-वाळूच असते. ढोबळ हिशोब असा: माल एक अंशाने गार करायचा तर खडी 2 अंशांनी, किंवा पाणी 4 अंशांनी, किंवा सिमेंट 8 अंशांनी गार असायला हवं.

खरा लगाम मिक्स डिझाइनमध्ये, म्हणजे मालात काय किती घालायचं यात, आहे. 100 किलो ओपीसीमागे (साधं पोर्टलंड सिमेंट) जाड काँक्रीटचं तापमान साधारण 12 अंशांनी चढतं. घनमीटरला 400 किलो निव्वळ ओपीसी घातलं आणि माल 32 अंशांवर पडला, तर पोट 80 पर्यंत जाणार. तिथे कुठलंही पांघरूण वाचवणार नाही. सिमेंटच्या काही भागाऐवजी फ्लायॲश (कोळशाची राख) किंवा स्लॅग (पोलाद कारखान्याच्या भट्टीतली मळी, दळून) घातली की चढ कमी होतो आणि सावकाश होतो. स्लॅगचं प्रमाण निम्म्याच्या वर गेल्यावरच हा फरक नीट दिसतो. पेणजवळच्या डोळवीला पोलाद कारखाना असल्याने या पट्ट्यात स्लॅग दुर्मिळ नाही, आणि खाऱ्या मातीत ती क्षारांनाही अडवते.

यानंतर बर्फ. घनमीटरमागे 50 किलो पाण्याच्या जागी बर्फ घातला, तर माल कागदावर 9 अंशांच्या आसपास गार होतो. वाटेतली तूट धरून थोडा कमी. मिरकरवाड्यासारख्या बंदरांत मासळीसाठी बर्फाचे कारखाने असतात, त्यामुळे लाद्या मिळतात. पण त्या मिठाच्या पाण्याच्या टाकीत बुडवलेल्या डब्यांत गोठवतात. डबा गळका असेल तर मीठ आत येतं. म्हणून आधी एक लादी वितळवून पाणी तपासून घ्या. लादी बारीक फोडूनच मिक्सरमध्ये जावी. न वितळलेला तुकडा राफ्टमध्ये गेला तर मागे पोकळी राहते.

मीठ चार वाटांनी येतं

खाडीची रेती नीट न धुता वापरणं ही त्यातली सगळ्यांना माहीत असलेली वाट. दुसरी बोअरवेल: खाडीजवळचं बोअरचं पाणी पावसाळ्यात गोडं लागतं आणि एप्रिलमध्ये मचूळ होतं. जानेवारीचा चाचणी अहवाल मे महिन्यात चालत नाही. आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकानुसार आरसीसीच्या (सळई घातलेल्या काँक्रीटच्या) पाण्यात क्लोराइड लिटरला 500 मिलिग्रॅमच्या आत हवं. तिसरी वाट म्हणजे सळई. ती दोन-तीन महिने खाऱ्या वाऱ्यात बांधून पडली असेल, तर ओतण्याआधी गोड्या पाण्याने धुवा आणि ते पाणी पीसीसीवर, म्हणजे खालच्या साध्या काँक्रीटच्या थरावर, साचू देऊ नका. चौथी वाट तळातून. भूजल आक्रमक असेल तर मानकातला ‘व्हेरी सिव्हिअर’ (अति तीव्र) गट धरायचा: काँक्रीटचा दर्जा किमान एम35, पाणी-सिमेंट प्रमाण जास्तीत जास्त 0.45, सळईबाहेरच्या काँक्रीटची जाडी, म्हणजे कव्हर, 50 मिलिमीटर. कव्हर ब्लॉक काँक्रीटचेच घ्या. फुटक्या चिऱ्याचे तुकडे खाली सरकवलेले दिसले की काम थांबवावं. जांभा पाणी शोषतो.

एकाच दमात ओतायचा हट्ट

फेब्रुवारी 2014 मध्ये लॉस एंजेलिसच्या विल्शर ग्रँड टॉवरचा पाच मीटरांहून जाड पाया सलग 18 तासांच्या आसपास ओतला गेला, सुमारे 16,200 घनमीटर. आत पाईप टाकून गार पाणी फिरवलं होतं. हा विक्रम ऐकून आपल्याकडेही स्फुरण चढतं. पण बुर्ज खलिफाचा 3.7 मीटर जाड, 12,500 घनमीटरचा राफ्ट चार वेगवेगळ्या ओतांत झाला, आणि तिथलं भूजल आपल्या खाडीपेक्षा खूपच जास्त खारट. पुरवठ्याची खात्री नसेल तर सल्लागाराकडून आधीच ठरवून घेतलेला सांधा हजार पटींनी बरा. मध्यरात्री पंप बंद पडून आपोआप पडलेला सांधा कुठे पडेल, हे कुणाच्या हातात नसतं.

आपल्या उदाहरणाचा हिशोब करू. तासाला 90 घनमीटर धरले तर 33-34 तास. 6 घनमीटरचा ट्रान्झिट मिक्सर दर चार मिनिटांनी हवा. एका गाडीची फेरी दोन तासांची असेल तर 30 गाड्या सतत फिरत्या हव्यात, शिवाय राखीव. शहरात अवजड वाहनांना दिवसा बंदीचे तास असतात, आणि 34 तासांच्या कामात दिवस येणारच. परवानगी लेखी आणि गाड्यांच्या नंबरांसकट हवी. गणपतीच्या दिवसांत मुंबई-गोवा महामार्गावर अवजड वाहनांना बंदी घालतात आणि निम्मे कामगार गावी असतात. त्या आठवड्यात तारीख धरणारा प्लॅनर कोकणातला नसावा.

सगळ्या राफ्टभर अर्धा मीटरचा थर घातला तर एका थराला 600 घनमीटर, म्हणजे साडेसहा तासांहून जास्त. तोवर खालचा थर आवळू लागतो. त्याऐवजी एका टोकापासून पायऱ्या करत जा. अर्धा मीटर उंच, 3 मीटर रुंद अशा पाच पायऱ्या धरल्या तर उघडी बाजू 15 मीटरची राहते आणि प्रत्येक पायरीवर नवा माल अडीच तासांत पडतो. रिटार्डरचा, म्हणजे माल उशिरा आवळावा म्हणून घालायच्या रसायनाचा, डोस या अडीच तासांवर बेतायचा आणि वर पंप बिघडण्याचे दोन-तीन तास धरायचे. बंद पडलाच, तर चालू निडल (माल दाबून बसवणारा व्हायब्रेटर) ठेवून बघा: स्वतःच्या वजनाने आत जाते आणि काढल्यावर भोक राहत नाही, तोवर माल जिवंत आहे. भोक राहू लागलं की त्यावर माल ओतू नका. कन्सल्टंटला उठवा.

वरची सळईची जाळी उचलून धरणाऱ्या चेअरबद्दल एकच: त्यांचं डिझाइन करून घ्या. जाळीवर सळईचं वजन, माणसं आणि पंपाचा होस असतो, आणि खाली वाकलेले फिटर असतात.

खड्ड्यातलं पाणी

ओतायची तारीख पंचांग बघून ठरवा, हे मी गंभीरपणे म्हणतोय. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे छोटी भरती. खाडीलगतच्या खड्ड्यात पाणी भरतीबरोबर चढतं आणि ताज्या मालाखालून वाहिलं तर सिमेंट धुवून नेतं. भांगाचे दिवस धरले तर उपसा पंपांवरचा ताण कमी होतो. जनरेटर मात्र तेव्हाही हवाच.

ओतून झालं की उपसा बंद, ही पुढची चूक. अडीच मीटर राफ्टचं वजन चौरस मीटरला सव्वासहा टन. तळ जमिनीखाली 10 मीटर आणि पाणी दीड मीटरवर असेल, तर खालून साडेआठ टनांचा दाब येतो, म्हणजे राफ्ट उचलला जाऊ शकतो. वर पुरेसे मजले चढेपर्यंत पंप चालूच. किती मजल्यांनंतर बंद करायचे, हे कन्सल्टंटकडून लिहून घ्या. ऐन जुलैत डिझेल वाचवायला कुणीतरी बटण बंद करतोच.

भेग दिसली तर आधी वेळ बघा

पहिल्या काही तासांत सळईच्या रेषेत भेगा आल्या, तर माल खाली बसतोय आणि वरची सळई त्याला अडवतेय. निडल अजून जात असेल तर वरचा थर पुन्हा हलवून फ्लोट मारा, भेग मिटते. वाऱ्याच्या दिवशी वेड्यावाकड्या उथळ भेगा दिसल्या, तर पृष्ठभाग लवकर सुकलाय; प्लास्टिक उशिरा पडलंय. चौथ्या-पाचव्या दिवसानंतर लांब, सरळ भेग आली तर थर्मोकपलची वही काढा. ती भेग लगेच भरू नका. राफ्ट गार होईपर्यंत ती हलत असते. तापमान हवेशी जुळल्यावर भेगेत इपॉक्सीचं इंजेक्शन, आणि खालून पाणी येत असेल तर आधी पाणी अडवणारं पीयू (पॉलियुरेथेन) ग्राउट. अवकाळी सरीने वरचं सिमेंट धुतलं गेलं असेल, तर तो पांढुरका थर खरवडून काढल्याशिवाय पुढचा माल नको.

क्यूब

3000 घनमीटरला आयएस 456 प्रमाणे किमान 63 नमुने, नमुन्याला तीन म्हणजे 189 क्यूब (ताकद तपासायचे काँक्रीटचे ठोकळे). सात दिवसांचेही हवे असतील तर तेवढेच आणखी. साचे मोजून ठेवा, नाहीतर पहाटे तीन वाजता एका गाडीतून पाच नमुने ‘भरून काढले’ जातात. स्लॅगचा माल सावकाश ताकद धरतो, म्हणून 56 दिवसांची ताकद ग्राह्य धरण्याचं करारातच लिहून घ्या. 28 व्या दिवशी क्यूब कमी भरल्यावर हा मुद्दा काढला तर कुणी ऐकत नाही. तरीही निकाल कमी आलाच, तर कोअर, म्हणजे राफ्टमधूनच कापून घेतलेले दंडगोल, काढावे लागतात: सरासरी ठरलेल्या ताकदीच्या 85 टक्के आणि एकही 75 टक्क्यांच्या खाली नको. कोअर कुठून घ्यायचा, हे सळईच्या नकाशावर खूण करूनच ठरवा. वरच्या जाळीतला 32 एमएमचा बार कापला, तर दुरुस्तीचा आणखी एक कागद तयार करावा लागेल.