मोटारसायकलवर जादा दिवे जोडताना
यवतमाळ-वाशीमकडे रात्री ओलितासाठी शेतात जाणाऱ्यांना मोटारसायकलवर जादा दिवे लागतातच. परंतु त्यांची वायर हेडलाइटच्या वायरीला पीळ देऊन जोडू नये, कारण ती मूळ वायर वाढीव प्रवाहासाठी बनवलेली नसते. बॅटरीच्या धन टोकाजवळच फ्यूज बसवून स्वतंत्र वायर रिलेच्या (थोड्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा विजेचा स्विच) 30 क्रमांकाच्या पिनेला न्यावी, 87 मधून दिव्यांना वीज द्यावी, 86 ला चावी फिरवल्यावरच वीज येणारी वायर आणि 85 ला अर्थ (गाडीच्या सांगाड्याची म्हणजे ऋण बाजूची जोडणी) जोडावा, म्हणजे चावी काढल्यावर बॅटरी उतरणार नाही. 20 वॅटचे दोन दिवे 12 व्होल्टवर सुमारे 3.3 अँपिअर घेतात, त्यामुळे 5 अँपिअरचा फ्यूज पुरतो. तो वारंवार उडाल्यास मोठा फ्यूज मुळीच घालू नये. हँडलजवळ घासलेली वायर आधी तपासावी.