एकोणिसाव्या शतकातील ग्रामीण अमेरिकन पूर्वजाचा माग कसा काढावा

शोधाची सुरुवात स्वतःपासून करून एकेक पिढी मागे जावे. घरातील बायबलच्या पानांवर लिहिलेल्या जन्म-लग्नाच्या नोंदी, मृत्यूचे दाखले, जुनी पत्रे आणि छायाचित्रांमागील मजकूर आधी गोळा करावा, आणि कोणती माहिती कोठून मिळाली हे त्याच वेळी टिपून ठेवावे.

त्यानंतर पूर्वजाची काउंटी, म्हणजे राज्यातील जिल्ह्यासारखा विभाग, निश्चित करावी. नुसत्या नावावर शोध घेतल्यास एकाच नावाची अनेक माणसे समोर येतात, म्हणून नावाइतकेच ठिकाणालाही महत्त्व द्यावे. लग्नाचे परवाने, खरेदीखते, मृत्युपत्रे आणि वारसाहक्काची प्रकरणे बहुधा काउंटीच्या कचेरीत सापडतात. वस्ती वाढली की जुन्या काउंटीतून नवी काढली जात असे. त्यामुळे जागचे न हललेल्या कुटुंबाचीही जुनी कागदपत्रे शेजारच्या काउंटीत असू शकतात.

आता जनगणनेकडे वळावे. या नोंदी फॅमिलीसर्चच्या संकेतस्थळावर खाते उघडून विनामूल्य पाहता येतात. 1850 पूर्वी केवळ कुटुंबप्रमुखाचे नाव लिहिले जाई. 1850 पासून प्रत्येक स्वतंत्र व्यक्तीचे नाव आढळते, परंतु प्रमुखाशी असलेले नाते 1880 पासूनच नोंदवलेले आहे. म्हणून 1860 च्या पानावर घरात दिसणारी स्त्री मुलांची आईच असेल असे गृहीत धरू नये. ती दुसरी पत्नी किंवा बहीणही असू शकते. 1890 च्या जनगणनेचे बहुतेक कागद 1921 मधील आगीनंतर नष्ट झाले. ती उणीव कॅन्सस किंवा आयोवासारख्या राज्यांनी 1885 आणि 1895 मध्ये केलेल्या गणनांतून काही अंशी भरून निघते.

नावांपलीकडचे आयुष्य हवे असेल, तर 1850 ते 1880 या काळातील शेतीच्या स्वतंत्र याद्या अवश्य पाहाव्यात. लागवडीखालची जमीन, गाई, डुकरे, मका, इतकेच नव्हे तर वर्षभरात किती पौंड लोणी काढले, हेही त्यांत लिहिलेले असते. 1862 च्या होमस्टेड कायद्याने 160 एकरांपर्यंत जमीन मिळे. त्यासाठी सर्वसाधारणपणे पाच वर्षे तेथे राहून ती कसल्याचे साक्षीदारांसह सिद्ध करावे लागे. अशा प्रकरणांच्या फायली राष्ट्रीय अभिलेखागारातून मागवता येतात. पूर्वज यादवी युद्धात उत्तरेकडून लढला असल्यास निवृत्तिवेतनाची फाईल सर्वांत आधी मागवावी, असे माझे ठाम मत आहे. विधवेला आपला विवाह सिद्ध करावा लागत असल्याने तिच्या फाईलमध्ये तिचे माहेरचे नाव, मुलांच्या जन्मतारखा आणि शेजाऱ्यांची शपथपत्रे एकत्र मिळू शकतात. त्या शेजाऱ्यांचाही शोध घ्यावा, कारण त्यांतले कित्येक जण नातलग निघतात.

पूर्वज गुलामगिरीत असतील तर वाट अधिक खडतर आहे. 1850 आणि 1860 च्या गुलामांच्या याद्यांत मालकाच्या नावाखाली बहुतेक वेळा फक्त वय, लिंग आणि वर्ण आहे. माणसाचे नाव नाही. येथे प्रथम गुलामगिरी संपल्यानंतरच्या पहिल्या, म्हणजे 1870 च्या जनगणनेत कुटुंब शोधावे. त्यानंतर 1865 ते 1874 या काळात चाललेल्या फ्रीडमन्स बँकेच्या, म्हणजे गुलामगिरीतून मुक्त झालेल्यांसाठीच्या बचत बँकेच्या, खातेनोंदी पाहाव्यात. त्यांत अनेक खातेदारांनी आईवडील आणि भावंडांची नावे सांगितलेली आहेत. पूर्वीच्या मालकाचे नाव कळले, की त्याच्या मृत्यूनंतर काउंटीत दाखल झालेली मालमत्तेची यादी मागवावी आणि तीत किमतीसह लिहिलेली माणसांची नावे 1870 च्या कुटुंबातील नावांशी व वयांशी ताडून पाहावीत.