नागपूर ते पुणे: प्रवासात पाय सुजू नयेत म्हणून

मी फिजिओथेरपिस्ट आहे, नागपूरच्या धंतोलीत माझं छोटंसं क्लिनिक आहे. दिवाळी जवळ आली किंवा मुलांच्या शाळांना सुट्या लागल्या की माझ्याकडच्या काका-काकूंची पुण्याला जायची तयारी सुरू होते. मुलगा-सून हिंजवडीला, नातवंडांची ओढ, आणि मनात एकच धास्ती. "मागच्या वेळी उतरलो तं पाय असे फुगून गेले होते ताई, का चपलेत जाईचना," असं एका काकांनी मला सांगितलं आणि पुढे म्हणाले की आता प्रवास पुरे झाला. मला याचं फार वाईट वाटतं. पाय सुजतात म्हणून लेकराकडे जाणं सोडायची गरज बहुतेकांना नसते. तिकीट काढण्यापासून थोडा विचार केला तर ही सूज बरीचशी टाळता येते.

आधी सूज येते कशी ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप लक्षात राहील. हृदय रक्त खाली पावलांपर्यंत पोचवतं, पण ते परत वर चढवायला पोटरीची मदत लागते. आपण चालतो तेव्हा पोटरीचे स्नायू आवळतात, त्यांच्यामधल्या शिरा दाबल्या जातात आणि रक्त वर सरकतं. शिरांमधल्या झडपा ते पुन्हा खाली येऊ देत नाहीत. हापशीचा दांडा हलवायचा थांबलो की पाणी यायचं थांबतं, तसंच इथे होतं. गुडघे वाकवून, पाय खाली सोडून तासन् तास बसलं की रक्त खाली साचतं, शिरांमधला दाब वाढतो आणि पातळ द्रव आजूबाजूला झिरपायला लागतो. घोट्याच्या हाडामागची खोबण आधी भरते, मग पावलाची वरची बाजू तुकतुकीत दिसू लागते. सीटची कड मांडीखाली रुतत असेल तर आणखी अडथळा. आणि आपल्याकडचा उन्हाळा! उष्णतेने त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हात, केलेल्या प्रवासात जे पाय फुगतात ते डिसेंबरात तितके फुगत नाहीत.

तिकीट काढताना

ज्यांचे पाय आधीच संध्याकाळपर्यंत जड होतात, त्यांना मी रात्रीच्या गाडीचा खालचा बर्थ घ्यायला सांगते. आडवं झोपलं की पाय हृदयाच्या पातळीला येतात, आणि पायांखाली घडी घातलेलं ब्लँकेट ठेवलं तर थोडे वरही जातात. नागपूरच्या अजनी स्टेशनहून पुण्याला २०२५ च्या ऑगस्टपासून वंदे भारत सुरू झाली आहे. ८८१ किलोमीटर आणि जवळपास १२ तास, तेही बसून. गाडी छान आहे, मधल्या वाटेवरून फिरता येतं, धडधाकट माणसाने खुशाल जावं. पण सीट वाटेकडचीच घ्या. खिडकीशी बसलेला माणूस शेजाऱ्याला उठवायच्या संकोचाने जागचा हलत नाही.

ट्रॅव्हल्सने जात असाल तर स्लीपरचा खालचा बर्थ. वरच्या बर्थवर गुडघेदुखीचा माणूस एकदा चढला की सकाळपर्यंत उतरत नाही. स्वतःच्या गाडीने समृद्धीवरून निघालात तर घरूनच थांबे ठरवून ठेवा. रस्ता इतका सरळ की चालवणाऱ्याला थांबावंसं वाटतच नाही, आणि मागे बसलेल्या आईचे पाय तीन-चार तास जसेच्या तसे राहतात. थांबायचं ते पेट्रोल पंपावर किंवा सोयीच्या जागी. महामार्गाच्या कडेला गाडी लावून फेऱ्या मारणं जिवावर बेतू शकतं.

पोटरी चालली पाहिजे

हे सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून सावकाश सांगते. सीटवर नीट मागे टेकून बसा, पावलं जमिनीला लागू द्या. पावलं पोचत नसतील तर खाली बॅग ठेवा. टाचा जमिनीवर ठेवून चवडे जितके वर येतील तितके उचला, मनात तीन अंक मोजा. मग चवडे जमिनीवर दाबून टाचा उचला, पुन्हा तीन अंक. असं पंधरा-वीस वेळा. त्यानंतर एकेक पाय गुडघ्यातून सरळ करा आणि पाऊल स्वतःकडे ओढा.

आता एक तपासणी. टाचा उचलताना तळहात पोटरीवर ठेवा. ती हाताला लिंबासारखी टणक लागली तर व्यायाम बरोबर होतो आहे. बरेच जण नुसती बोटं हलवतात आणि "केला ना ताई व्यायाम" म्हणतात. बोटं हलवून पोटरी मऊच राहते, रक्त जागचं हलत नाही. क्लिनिकमध्ये मी प्रत्येकाचा हात त्याच्याच पोटरीवर ठेवून हे दाखवते, कारण एकदा हाताला कळलं की विसरत नाही.

दर अर्ध्या तासाने हे करायचं, पण घड्याळ कोण बघत बसणार? म्हणून आगगाडीने जाणाऱ्यांना मी स्टेशनं नेमून देते. वर्धा, बडनेरा, अकोला, शेगाव, भुसावळ. स्टेशन आलं की उठायचं आणि गाडी सुटल्यावर डब्यातून दोन चकरा मारायच्या. मधल्या वेळात बसल्या जागी टाचा-चवडे. गाडी मिनिट-दोन मिनिटंच थांबते, तेव्हा पाय मोकळे करायला फलाटावर उतरू नका. गाडी हलताना सीटचा आधार धरा.

पाय लोंबकळू नयेत म्हणून कित्येक आजी बर्थवर मांडी घालून बसतात. थोडा वेळ ठीक आहे, पण गुडघा पूर्ण दुमडून तासभर बसलं तर शिरा तिथेही दबतात आणि पोटरी स्वस्थच राहते. समोरची सीट रिकामी असेल तर पाय लांब करून ठेवा. आधार पोटरीपासून टाचेपर्यंत असावा. फक्त गुडघ्याच्या मागे उशी कोंबू नका.

पाणी, मीठ आणि डबा

बायका प्रवासात पाणी पीत नाहीत. कारण सगळ्यांना माहीत आहे, गाडीतली आणि रस्त्यावरची स्वच्छतागृहं. पण पाणी न पिऊन सूज टळत नाही, उलट शरीर कोरडं पडतं. थोडं थोडं पीत राहा. लघवीला उठावं लागलं तर तेवढंच चालणं होतं. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं असेल, तर प्रवासातही तेच माप पाळा.

मीठ मात्र आवरायला हवं, कारण मीठ शरीरात पाणी धरून ठेवतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते, म्हणजे साधारण एक चहाचा चमचा. आणि आपण काय करतो? आदल्या रात्री सावजी, सकाळी तर्री-पोहे, पिशवीत चिवडा, शेव आणि लोणच्याची बाटली. हे सगळं पुण्याला पोचल्यावर नातवासोबत खा. वाटेसाठी पोळी, कमी मिठाची कोरडी भाजी, काकडी, हंगाम असला तर दोन-चार संत्री एवढा डबा पुरे.

जोडवी, पादत्राणं आणि मोजे

घट्ट जोडवी घरीच काढून ठेवा. बोट सुजलं की ती निघत नाहीत, बोट निळसर पडतं आणि शेवटी जोडवी कापावी लागतात. मन होत नसेल तर सैल, उघड्या कडीची घाला. तंग पैंजण, घोट्यावर खूण उमटवणाऱ्या इलॅस्टिकचे मोजे, करकचून बांधलेली नाडी, हेही नको. प्रवासाला नवे बूट घालू नयेत. पट्टा सैल करता येईल अशी सँडल सगळ्यात चांगली.

दाब देणारे मोजे, म्हणजे कॉम्प्रेशन स्टॉकिंग्ज, खरोखर उपयोगी आहेत. चार तासांपेक्षा जास्त विमानप्रवास करणाऱ्यांवर झालेल्या चाचण्यांमध्ये त्यांनी सूज कमी राहिल्याचं दिसलं आहे. गुडघ्याखालपर्यंतचे, घोट्यापाशी १५ ते ३० मिलिमीटर पारा इतका दाब देणारे असतात. नेमका कोणता दाब हवा ते डॉक्टरांना किंवा फिजिओला विचारा. माप सकाळी उठल्याबरोबर, सूज नसताना द्यायचं: घोट्याच्या वर जिथे पाय सगळ्यात बारीक तिथे, आणि पोटरी जिथे सगळ्यात जाड तिथे. निघण्यापूर्वी, पायांना सूज नसतानाच मोजे चढवा. वरची कड दुमडू नका, ती घडी दोरीसारखी आवळते. मोजे महाग म्हणून घरची क्रेप बँडेज गुंडाळणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, की तसं करू नका. दाब एकसारखा पडत नाही. पायाच्या धमन्या अरुंद झालेल्यांनी आणि मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे मोजे घालू नयेत.

औषधांची पिशवी एकदा बघा

रक्तदाबासाठी अम्लोडिपिन घेणाऱ्यांचे घोटे औषधानेही सुजतात. काही वेदनाशामक गोळ्यांनी शरीरात पाणी साठतं. प्रवास नसतानाही पाय सुजत असतील तर जाण्याआधी डॉक्टरांना दाखवा, पण गोळी मनाने बंद करू नका. आणि शेजारच्या काकांची 'पाण्याची गोळी', म्हणजे लघवी वाढवणारी गोळी, घेऊन बघणं तर अजिबात नको.

पोचल्यावर

आधी थोडं चाला. मग आडवे व्हा, पाय दोन उशांवर ठेवा, पंधरा-वीस मिनिटं. आपल्याकडे लगेच गरम पाण्यात मीठ टाकून पाय बुडवतात. बरं वाटतं हे खरं, पण गरम पाण्याने रक्तवाहिन्या अजून रुंदावतात. साधं गार पाणी वापरा. मधुमेह असेल तर गरम पाण्याच्या जवळही जाऊ नका, पाय भाजलेला कळत नाही. दोन्ही पायांना सारखी आलेली सूज एक-दोन दिवसांत उतरते. नाही उतरली तर हृदय, मूत्रपिंड, यकृत तपासून घ्यायला हवं. गरोदर बाईच्या सुजेसोबत डोकं दुखत असेल किंवा डोळ्यांपुढे चमकत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर.

एकाच पायाची सूज ही वेगळी गोष्ट आहे. पोटरीत खोल शिरेत रक्ताची गुठळी झाली तर तो पाय दुखतो, गरम लागतो, लालसर होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ सालच्या अभ्यासात चार तास किंवा जास्त प्रवासानंतर हा धोका साधारण दुप्पट होतो असं आढळलं. निरोगी माणसात तो तरीही कमीच असतो. अलीकडे गुडघ्याची किंवा खुब्याची शस्त्रक्रिया झालेले, कर्करोगाचे रुग्ण, आधी गुठळी झालेले, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या, गरोदर किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रिया यांनी तिकीट काढण्याआधीच डॉक्टरांशी बोलावं.

म्हणून निघताना शिवणाची टेप घ्या. गुडघ्याच्या वाटीखाली जो हाडाचा उंचवटा हाताला लागतो, त्याच्या १० सेंटिमीटर खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजून मोबाइलमध्ये लिहून ठेवा. पोचल्यावर एक पाय दुसऱ्यापेक्षा ३ सेंटिमीटर किंवा जास्त फुगलेला असेल, तर मालीश करू नका, चोळू नका, लगेच दवाखान्यात जा. सोबत धाप लागली, छातीत दुखलं, खोकल्यातून रक्त आलं, तर १०८ ला फोन करा. डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा की आम्ही नागपूरहून इतके तास बसून आलो. नातेवाईक बीपी-शुगरबद्दल सगळं सांगतात आणि नेमका प्रवास सांगायचा राहून जातो.