मे महिन्यातलं शिबिर ऑक्टोबरात मागायचं असतं

शाळा सुटल्यावरचे दोन तास आणि उन्हाळ्याची सुट्टी, या वेळात गावातली मुलं कुठे असतात हे प्रत्येक आईला माहीत असतं, पण ग्रामपंचायतीच्या कागदावर त्याची नोंद कुठेच नसते. शिबिर किंवा संध्याकाळची अभ्यासिका सरकारी पैशातून चालवता येते. अडचण एकच आहे. सरकारचं वर्ष 31 मार्चला संपतं आणि शिबिर लागतं मेमध्ये, नव्या वर्षाची तिजोरी जेमतेम उघडलेली असताना. म्हणून एप्रिलमध्ये अर्ज घेऊन फिरणाऱ्यांना ‘निधी नाही’ एवढंच ऐकू येतं, आणि ते खरंही असतं. तयारी दिवाळीच्या आधी सुरू करा.

पहिलं काम मुलांची यादी. शाळेच्या पटावरून ती उतरवून घेऊ नका, घरोघर जा. ऊसतोडीच्या भागात हे फार महत्त्वाचं आहे. आईबाप कारखान्यावर गेले की काही मुलं आजीकडे राहतात, काही समग्र शिक्षा अभियानातून चालणाऱ्या हंगामी वसतिगृहात, आणि काही उसाच्या फडावरच जातात. पट्टा पडला, म्हणजे तोडीचा हंगाम संपला, की ही सगळी मुलं परत गावात येतात. म्हणजे ऑक्टोबरातली यादी एप्रिलमध्ये पुन्हा तपासावी लागते. यादीत नाव, वय आणि इयत्ता तर हवीच, पण त्यासोबत वस्ती कोणती आणि ती शाळेपासून किती लांब, घरी दिवसा मोठं माणूस कोण असतं, आणि मूल धाकट्या भावंडाला सांभाळतं का, हेही लिहा. शेवटचा प्रश्न विसरू नका. धाकट्याची सोय झाली नाही तर दहा-अकरा वर्षांची मुलगी शिबिराला येतच नाही, कितीही चांगलं असलं तरी. अंगणवाडी सेविकेला या कामात सोबत घ्या, तिच्याकडे अर्धी माहिती आधीच असते.

मग पैसा. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातली, म्हणजे घरपट्टी वगैरेतून येणारी, 10 टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करावी लागते. बहुतेक ठिकाणी ती शिलाई मशीन आणि अंगणवाडीच्या वस्तूंवर जाते, कारण दुसरं कोणी काही मागितलेलंच नसतं. ग्रामसेवक भाऊसाहेबांकडे (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालं आहे, तरी गावात हाक तीच आहे) नमुना 1, म्हणजे अंदाजपत्रक बघायला मागा, आणि गेल्या वर्षी या 10 टक्क्यांत किती रक्कम होती नि कशावर गेली ते वहीत उतरवून घ्या. तो आकडा हातात असला की ग्रामसभेतलं बोलणं विनंतीचं राहत नाही, हिशेबाचं होतं. दुसरा रस्ता ‘आमचा गाव, आमचा विकास’ या ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्याचा. त्यातल्या नऊ संकल्पनांपैकी एक ‘बालस्नेही गाव’ आहे, शिबिर आणि अभ्यासिका तिच्यात सरळ बसतात. मात्र केंद्रीय वित्त आयोगाच्या अबंधित (ठराविक कामाला न बांधलेल्या) निधीतून पगार किंवा आस्थापनेचा खर्च चालत नाही, हे ध्यानात ठेवून शिबिर घेणाऱ्या ताईच्या मानधनाची सोय ग्रामनिधीतून, म्हणजे पंचायतीच्या स्वतःच्या पैशातून, दाखवा आणि आयोगाच्या पैशात वस्तू नि दुरुस्ती धरा. ही फोड आधी केली नाही तर प्रस्ताव पंचायत समितीतून परत येतो.

2 ऑक्टोबरच्या सुमाराची ग्रामसभा आणि तिच्या आधीची महिला सभा, या दोन्हीत विषय यायला हवा. महिला सभेत आधी येऊ द्या. आयांनी हात वर केलेला विषय ग्रामसभेत सहसा कोणी खाली पाडत नाही. ठराव कसा लिहिला जातो याकडे मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. ‘मुलांसाठी शिबिर घेण्यात यावे’ एवढंच लिहिलं तर तो ठराव वहीतच राहणार. त्यात मेमधल्या तारखा हव्यात, सकाळी 7 ते 10 अशी वेळ हवी, जागा जिल्हा परिषद शाळा, मुलं अंदाजे किती, खर्च किती आणि तो महिला व बालकल्याणाच्या 10 टक्क्यांतून करायचा, हे सगळं एकाच ठरावात हवं. सूचक, अनुमोदक आणि ठराव क्रमांक लिहिला गेल्याशिवाय उठू नका, आणि सही-शिक्क्याची नक्कल मागून घ्या. पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक डिसेंबर-जानेवारीत ठरतं, तेव्हा ही नक्कल जोडून लेखी अर्ज द्या. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेसह पोच घ्यायची. तोंडी होकारावर एकही शिबिर उभं राहत नाही. त्या वर्षी निवडणूक असेल तर आचारसंहिता कधी लागू शकते याचाही अंदाज घ्या, आणि मंजुरीचे कागद त्याआधी हातात येतील असं बघा.

शाळेची जागा मिळवणं सोपं आहे, ती चालती ठेवणं अवघड. शाळा व्यवस्थापन समितीत शिक्षण हक्क कायद्यानुसार 75 टक्के सदस्य पालक असतात, आणि निम्म्या महिला. समितीचा ठराव घेऊन मुख्याध्यापकांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे परवानगीचं पत्र द्या. त्यानंतरचे प्रश्न अगदी साधे आहेत आणि तिथेच गाडं अडतं. सुट्टीत किल्ली कोणाकडे? पाण्याची टाकी कोण भरणार? मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप लागलेलं असतं का, आतला नळ चालू आहे का? एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात स्वतः जाऊन दार उघडून बघा, बादलीभर पाणी ओतून बघा. स्वच्छतागृह बंद असलं तर सहावी-सातवीच्या मुली दुसऱ्या दिवसापासून यायच्या थांबतात आणि कारण कोणी सांगत नाही. सॅनिटरी पॅडचं पाकीट कपाटात ठेवा, आणि ते कुठे आहे हे मुलींना ताईंनी पहिल्याच दिवशी सांगावं.

शिकवायला कोण, याची उत्तरं गावात असतात: डी.एड. झालेली सून, वाचनालयाचे ग्रंथपाल, लेझीम शिकवणारे आजोबा, खो-खो खेळलेला मुलगा. शाळेतले शिक्षक सुट्टीत आपणहून आले तर उत्तम, पण शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 28 नुसार शिक्षकांना खासगी शिकवणी घेता येत नाही, त्यामुळे पालकांकडून फी घेऊन शिक्षकांना देण्याचा विचारही करू नका. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडून उन्हाळ्यात प्रशिक्षण शिबिरं होतात, तिथल्या प्रशिक्षकाला एक-दोन दिवस गावी बोलावता येतं का ते मार्चमध्ये विचारा. अनुदानित सार्वजनिक ग्रंथालय जवळ असेल तर बालविभागाची पुस्तकं महिनाभरासाठी मागा. शहरात ही सोय थोडी तरी तयार असते, मुंबईत चर्नी रोडला जवाहर बालभवन आहे, पणजीत कांपालला बालभवन आहे. गावाला ती स्वतः उभी करावी लागते.

आता जे मी कुणालाही टाळू देणार नाही ते. शिबिरात येणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाची, मग तो सरपंचांचा पुतण्या का असेना, पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घ्या. तिला वेळ लागतो, म्हणून अर्ज फेब्रुवारीतच. कोणतंही मूल एका मोठ्या माणसासोबत एकटं राहणार नाही, दोन जण हवेतच आणि त्यातली एक बाई. मुलं येताना-जाताना वस्तीवार गट करा, प्रत्येक गटासोबत एक पालक. 1098 हा चाइल्ड हेल्पलाइनचा, म्हणजे अडचणीतल्या मुलांच्या मदतीचा क्रमांक फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा आणि मुलांकडून पाठ करून घ्या. आणि काही घडल्याचं कानावर आलं तर गावात बैठक बसवून मिटवायचं नाही. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या कलम 19 नुसार ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हाच गुन्हा ठरतो. हे पहिल्या पालकसभेत स्पष्ट सांगा. बोलायला जड जातं, तरी सांगा.

उन्हाचं आणि पाण्याचं तितकंच. दहाच्या पुढे मुलं मैदानात नकोत. ओआरएसची पाकिटं, प्रथमोपचार पेटी, आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांचा नंबर आणि रुग्णवाहिकेचा 108 हाताशी असू द्या. आसपास शेततळं किंवा कठडा नसलेली विहीर असेल तर तिची नोंद आधी करा आणि मुलांना सोडताना त्या वाटेवर माणूस उभा करा. शेततळ्याचं प्लॅस्टिक निसरडं असतं, पोहता येणारा मुलगासुद्धा काठावर चढू शकत नाही.

खाण्याचा प्रश्न आपण कमी समजतो. सुट्टी लागली की शाळेतला दुपारचा आहार थांबतो, आणि काही घरांत तेच दिवसातलं पोटभर जेवण असतं. दुष्काळी भागात उन्हाळ्याच्या सुट्टीतही मध्यान्ह भोजन द्यावं, असा सर्वोच्च न्यायालयाचा 20 एप्रिल 2004 चा आदेश आहे. तालुका दुष्काळग्रस्त जाहीर झाला असेल तर मुख्याध्यापकांना लेखी विचारा की सुट्टीतल्या आहाराचं पत्र आलं आहे का, आणि शिबिराची वेळ त्या जेवणाला लागून ठेवा. दुष्काळ जाहीर नसेल तर शेंगदाण्याची चिक्की, मटकीची उसळ किंवा केळं, एवढं तरी तुमच्या खर्चात धरा. शाळेच्या स्वयंपाकी-मदतनीस मावशींनाच हे काम द्या, सुट्टीत त्यांचाही हात मोकळा असतो. मुलांना वाढण्याआधी एका मोठ्याने चाखायचं आणि चव नोंदवहीत सही करायची.

हिशेब रोजच्या रोज. खरेदीआधी तीन दरपत्रकं, पैसे शक्यतो बँकेतून, आणि 5,000 रुपयांवरच्या रोख पावतीला एक रुपयाचं महसूल तिकीट. हजेरीपटावर मुलांची रोजची हजेरी, मानधन घेणाऱ्याची सही, तारीख दिसेल असे फोटो. शिबिर संपल्यावर पंधरा दिवसांत, शाळा भरायच्या आत, उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) आणि जोडपत्रं ग्रामपंचायतीला द्या आणि पुन्हा पोच घ्या. उशिरा गेलेल्या प्रमाणपत्रामुळे पुढचा हप्ता अडतो, आणि मग सगळे म्हणतात सरकार पैसे देत नाही. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत खर्च मोठ्याने वाचून दाखवा, कॅरमच्या सोंगट्यांपर्यंत. उरलेली पुस्तकं, सतरंज्या आणि खेळाचं साहित्य कोणाच्या घरी ठेवू नका. शाळेच्या जडवस्तू नोंदवहीत, म्हणजे टिकाऊ सामानाच्या वहीत, चढवा, मुख्याध्यापक आणि समितीच्या अध्यक्षांची सही घ्या, आणि संध्याकाळची अभ्यासिका त्याच साहित्यावर जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात सुरू करा.