स्टीलच्या डब्यांवर लेझरने नाव टाकायचंय? आधी बाटली ढवळा

बाटली ढवळा, म्हणजे लेझर मारण्याआधी स्टीलवर ज्याचा लेप देतात त्या मार्किंग कंपाऊंडची. माझ्या यादीत हे पहिलं आहे, मधे परत येणार आहे आणि तुम्ही वैतागलात तरी येणार आहे, कारण मागच्या वेळी आहेराच्या डब्यांवर नावं टाकताना माझ्याकडून नेमकं तेच राहिलं. सुरुवातीच्या डब्यांवर नाव फिकट तपकिरी, नखाने खरवडलं की निघणारं. शेवटच्या डब्यांवर लेप इतका जाड की पापुद्रे सुटले. मशीन तेच, सेटिंग तेच, बाटलीही तीच. वरची निवळी आधी संपवली आणि तळचा गाळ शेवटी, एवढाच काय तो प्रकार.

हे सगळं सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूच्या) लेझरवाल्यांसाठी आहे. तुमच्याकडे फायबर लेझर असेल तर स्टील थेट काळं करता येतं, कंपाऊंडच्या फंदात पडू नका. सीओटूचा किरण १०.६ मायक्रोमीटरचा, आणि उघडं स्टील तो बराचसा परतवून लावतं. म्हणून वरून लेप द्यायचा. लेप उष्णता शोषतो, तापतो आणि स्टीलला धरून बसतो. खोदलं काहीच जात नाही, वर एक काळा थर बसतो. ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियमला लेप लागत नाही, किरण त्याचा रंग उडवतो. पावडर कोटिंगच्या बाटल्यांचंही तसंच, रंग जळून खालचं स्टील दिसतं. पितळेवर लॅकर (पारदर्शक वॉर्निश) असेल तर तो काढल्याशिवाय लेप लावून उपयोग नाही. तांबं उष्णता इकडेतिकडे पळवतं. स्टीलवर हात बसेपर्यंत त्याच्या नादी लागू नका.

कंपाऊंड सरमार्कसारखं तयार मिळतं, पण महाग पडतं. म्हणून बरेच जण मोलिब्डेनम डायसल्फाइडची बारीक पूड अल्कोहोलमध्ये कालवतात. तयार घेतलं असेल तर पातळ कशाने करायचं ते लेबलवर वाचा. काही पाण्यातली असतात, काही अल्कोहोलमधली, आणि एकात दुसरं घातलं की गुठळ्या. अल्कोहोल म्हणजे ९९ टक्क्यांचं आयपीए, आयसोप्रोपिल अल्कोहोल. घरात उरलेलं सॅनिटायझर नाही म्हणजे नाही. त्यात ग्लिसरीन असतं आणि ते सुकत नाही, तेलकट थर ठेवून जातं. ७० टक्क्यांच्या आयपीएत उरलेलं पाणीच असतं, लेप वाळता वाळत नाही.

आता पातळ करणं. आधी मूळ बाटली ढवळा. हलवून भागत नाही. मोलिब्डेनम डायसल्फाइडची घनता पाचच्या आसपास, आयपीएची एकाच्याही खाली. ही पूड तरंगत राहील अशी आशाच सोडा. बाटली काही दिवस कपाटात उभी असेल तर तळाशी घट्ट थापी बसलेली असते आणि नुसतं हलवल्याने ती हलतही नाही. काडी तळापर्यंत घाला, कोपरे खरवडा, काडीच्या टोकाला चिकट काळं काही लागायचं थांबेपर्यंत ढवळा. मगच सुई काढलेल्या सिरिंजने मोजून घ्या. ब्रशने लावायचं असेल तर मी कंपाऊंडइतकंच आयपीए घालून सुरुवात करतो. एअरब्रशसाठी (हवेच्या दाबाने फवारणारं पेन) त्याहून पातळ, दुपटीपर्यंत. हे माझं माप, तुमच्या बाटलीवर वेगळं लिहिलं असेल तर तिचं ऐका. पोत पातळ ताकासारखा हवा, आणि ताकासारखीच त्यावर निवळी येते, तीही फार लवकर. लहान बाटलीत दोन-तीन स्टीलचे छर्रे टाकून ठेवा. गाळून घ्यायचं तर गुठळ्या मोडल्यानंतर. आधी गाळलंत तर कामाचा मालच गाळणीत राहतो आणि खाली नुसतं करडं पाणी उतरतं.

एअरब्रशच्या कपातसुद्धा हेच होतं. लोक बाटली ढवळतात आणि कप विसरतात. एका डब्याला लेप देऊन दुसरा हातात घेईपर्यंत कपाच्या तळाशी गाळ जमायला लागलेला असतो. दर डब्याआधी कप ढवळा. ब्रशने लावत असाल तर ब्रश बुडवताना दर वेळी वाटीच्या तळापासून फिरवा. मधे फोन आला, चहा आला, गिऱ्हाईक आलं, तर परत आल्यावर आधी ढवळा.

भांडं धुणं. हे सगळ्यांना माहीत असतं आणि सगळे अर्धवट करतात. नव्या डब्याला कारखान्यातलं पॉलिशचं मेण लागलेलं असतं, विशेषतः कडेच्या दुमडीत, आणि दुमडीजवळ नाव टाकलं की तिथलीच अक्षरं उडतात. स्टिकरचा गोंद आपल्याकडे खोबरेल तेलाने काढतात. काढा, पण मग ते तेल हाच शत्रू. भांड्याच्या साबणाने गरम पाण्यात धुवा, कोरडं करा, आयपीएने पुसा, पुसताना फडक्याची घडी बदला. स्वच्छ झालं का ते पाण्याने कळतं: थोडं पाणी ओता, सलग पसरलं तर ठीक, थेंब थेंब जमले तर चिकटपणा आहे. परत धुवा. त्यानंतर हातमोज्याशिवाय नावाच्या जागेला बोट लावायचं नाही. अंगठ्याचा ठसा नावाच्या मधोमध जसाच्या तसा उमटतो, ग्राहकाला तो कशाचा आहे हे सांगत बसावं लागतं.

लेप पातळ द्या. एकच जाड हात मारण्याचा मोह होतो, तो आवरा. उष्णता लेपातून स्टीलपर्यंत पोचली पाहिजे. जाड लेपाचा वरचा भाग भाजतो आणि खालचा कच्चा राहतो. दोन पातळ हात, पहिला आडवा, पहिला सुकल्यावर दुसरा उभा. ट्यूबलाइटखाली धरून बघा: स्टीलची चमक दिसायला नको, पण हेअरलाइन फिनिश असेल तर त्या रेघा अंधुक जाणवायला हव्यात. रेघा पार बुजल्या तर जाड झालं. पुसून टाका आणि परत द्या, तेवढ्याने जीव जात नाही. आणि हो, दुसऱ्या हाताआधी ढवळा.

वाळणं. पावसाळ्यात, त्यातून कोकणात असाल तर जरा सांभाळून. आयपीए उडताना पत्रा गार करतं आणि हवेतलं दमट त्यावर धरतं, लेपावर ढग दिसतात. भांडं आधी किंचित कोमट करून घेतलं की हे बरंच टळतं. पंखा थेट मारू नका, धूळ बसते. वास पूर्ण गेल्यावर हेअर ड्रायर चालेल, आधी नाही. ओला लेप मशीनमध्ये घालायचा नाही, इथे थट्टा नाही. आयपीएचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ठिणगीने वाफ पेटू शकते ते तापमान, सुमारे १२ अंश सेल्सिअस आहे, म्हणजे नाशिकच्या थंडीतही भर दुपारी ते पेटायला तयारच असतं. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, टेबलावर खाली साचते. बाटली मशीनपासून लांब ठेवा, झाकण लावून.

मजकूर आधी तपासून ठेवा. नाव ग्राहकाकडून लिहून घ्या, ऱ्हस्व-दीर्घासकट, आणि त्याच्याकडून होकार घ्या. देवनागरी अक्षरं कर्व्हमध्ये, म्हणजे फॉन्टऐवजी नुसत्या बाह्यरेषांत, बदलूनच मशीनला द्या. फॉन्ट बदलला की रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो आणि ते सगळ्यात आधी नवऱ्यामुलाच्या आत्याला दिसतं. नाव डब्याच्या बाहेरून टाका. अन्न लागतं तिथे आत नको, कोणी कितीही आग्रह केला तरी.

चाचणी त्याच मालाच्या तुकड्यावर घ्या, त्याच वाटीतल्या लेपाने. वाटी आधी ढवळून, हे सांगायला नको खरं तर, पण सांगतो, कारण निवळीवर चाचणी घेतली तर सेटिंगच चुकीचं ठरतं आणि मग पुढचा सगळा माल त्या चुकीवर चालतो. वेग आणि पॉवर बदलत चौकोनांची जाळी काढा. घासणीने दाबून घासा. काळा राहिला तो चौकोन घ्या. तपकिरी होऊन निघाला तर वेग कमी करा. खवले आले तर आधी लेपाची जाडी बघा, पॉवरला हात नंतर. पत्रा मागून वाकला तर उष्णता फार झाली.

फोकस, भिंग पुसणं, गोल भांड्याला रोटरी (भांडं फिरवणारी जोडणी): तुम्हाला माहीत आहे. एक्झॉस्ट चालू हवाच. मोलिब्डेनम डायसल्फाइड हवेत तापलं की सल्फर डायऑक्साइड सुटतो, घशाला लगेच कळतं.

झाल्यावर भांडं गार होऊ द्या, उरलेला लेप ओल्या फडक्याने पुसा, साबणाने धुवा. कोरडा खरवडू नका, पूड उडते. एअरब्रश लगेच आयपीएने धुवा, उद्यावर ठेवला तर नोझल गेलं. उरलेलं मिश्रण मूळ बाटलीत परत ओतू नका, वेगळ्या बाटलीत भरा आणि वर प्रमाण व तारीख लिहा. डबे मोजा, नावं यादीशी ताडून बघा, कागदात गुंडाळा.