डी की बी? बिनतारी कक्षात नव्याने येणाऱ्यांसाठी

पोलिसांच्या बिनतारी कक्षात रुजू झालो तेव्हा अल्फा ते झुलू, म्हणजे ए ते झेडमधल्या प्रत्येक इंग्रजी अक्षरासाठी सेटवर म्हणायचा ठरलेला शब्द, मला घडाघडा पाठ होतं. प्रशिक्षणात सव्वीसच्या सव्वीस शब्द लिहून दाखवले होते, एकही चूक नव्हती. दुसऱ्याच आठवड्यात पहाटे तीनच्या सुमारास गस्तीच्या गाडीने चोरीच्या मोटारसायकलचा नंबर सांगितला. नंबरातल्या अक्षरांची मालिका होती डीपी. मी लिहिली बीटी, आणि तीच पुढे सगळ्या नाक्यांना दिली. नोंदीत बीटीवाल्या नंबरचाही एक मालक होताच. बीट अंमलदार जाऊन त्याच्या दारात उभा राहिला. गाडी अंगणात झाकून ठेवलेली, आणि मालक झोपेतून उठून विचारतोय, साहेब, माझं काय चुकलं? खरी गाडी तोवर कुठल्या तरी नाक्यावरून आरामात निघून गेली असणार, कारण तिचा नंबर कोणाच्याच कागदावर नव्हता.

गस्तीवरच्या शिपायाने नुसतीच अक्षरं सांगितली होती, डेल्टा-पापा म्हटलं नव्हतं. पण मीही विचारलं नव्हतं. ऐकल्यासारखं वाटलं ते लिहून मोकळा झालो. नव्या मुलांना मी म्हणून आधी हेच सांगतो की ही यादी बोलणाऱ्यासाठी आहे असं समजू नका. ती ऐकणाऱ्यासाठी आहे, आणि कक्षात बसलेले तुम्ही बहुतेक वेळ ऐकणारेच असता.

घोटाळा का होतो ते नीट समजून घ्या. बी, सी, डी, ई, जी, पी, टी, व्ही ही सगळी अक्षरं 'ई'वर संपतात. फरक असतो तो सुरुवातीच्या एका व्यंजनात, तोही क्षणभराचा. सेटवरून माणसाचा आवाज साधारण 300 ते 3000 हर्ट्झ एवढाच जातो. 'स' आणि 'फ' यांची खरी ओळख त्याच्या वरच्या पट्टीत असते, ती गळून पडते. त्यामुळे रेडिओवर एस आणि एफ सख्खे भाऊ वाटतात. त्यात बटण दाबता दाबताच बोलायला सुरुवात केली की पहिला आवाज कापला जातो, म्हणजे नेमकं ते व्यंजनच जातं. बटण दाबा, क्षणभर थांबा, मग बोला. माइक तोंडाला चिकटवू नका, चार बोटं लांब धरा. विसर्जनाच्या बंदोबस्तात ढोलाशेजारी उभं राहून ओरडणाऱ्याचं काहीच कळत नाही. पाठ फिरवून, माइकवर हात आडवा धरून नेहमीच्या आवाजात बोलणाऱ्याचं कळतं.

हे शब्द कोणी सहज सुचले म्हणून घेतलेले नाहीत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी आणि ब्रिटिश सैन्य एबल, बेकर, चार्ली ही यादी वापरत होतं. ती इंग्रजी कानांना सोयीची होती. युद्धानंतर विमानं सगळ्या देशांत जाऊ लागली तेव्हा आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने इंग्रजी, फ्रेंच आणि स्पॅनिश बोलणाऱ्यांना जमतील असे शब्द शोधायचं ठरवलं. माँट्रियल विद्यापीठातले भाषाशास्त्रज्ञ झाँ-पॉल व्हिने यांनी त्यावर काम केलं. 1951 साली यादी लागू झाली, पण तिच्यात सीला कोका, एनला नेक्टर आणि एक्सला एक्स्ट्रा असे शब्द होते. प्रत्यक्ष वापरात नेक्टर आणि व्हिक्टर एकमेकांत मिसळू लागले, डेल्टा आणि एक्स्ट्राही. मग पुन्हा चाचण्या झाल्या, 31 राष्ट्रांच्या लोकांवर. एकटा शब्द किती स्पष्ट आहे एवढं बघून भागत नाही, उरलेल्या पंचवीस शब्दांपासून तो वेगळा ऐकू आला पाहिजे, हे त्यातून पक्कं झालं. फक्त पाच शब्द बदलले, आणि 1 मार्च 1956 पासून आज आपण वापरतो ती यादी आली.

म्हणून मनचे शब्द वापरू नका. 'पी फॉर पुणे' घरी फोनवर चालतं. वाऱ्यापावसात सेटवर 'पुणे' आणि 'ठाणे' यांत काय उरतं ते एकदा ऐकून बघा. अमेरिकेतल्या अनेक पोलीस दलांत आजही ॲडम, बॉय, चार्ल्स अशी वेगळी यादी चालते. सिनेमे बघून आलेली मुलं तीच घेऊन येतात. ती यादी चुकीची नाही, इथली नाही एवढंच.

मराठी कानाची एक खास अडचण आहे, जी कुठल्याच पुस्तकात सापडणार नाही. आपण व्हिक्टर आणि व्हिस्की दोन्ही एकाच 'व्हि'ने सुरू करतो. अर्धा शब्द ऐकून हात लिहायला लागला की डब्ल्यूच्या जागी व्ही पडतो. पूर्ण शब्द होईपर्यंत पेन टेकवायचं नाही, ही सवय लावून घ्या. मला लागायला दोन महिने गेले.

आकड्यांचं दुखणं तर अक्षरांपेक्षा मोठं. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी हे सेटवर ओळखून दाखवा! शिवाय आपण 'त्रेपन्न'मध्ये तीन आधी म्हणतो आणि लिहितो पाच आधी. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीससाठी 'वीस एक' आलं तेव्हा सगळे त्यावर हसत होते. मी काही हसलो नाही. नंबर नेहमी सुटा सांगायचा, पाच, तीन, सात, शून्य असा. विमानवाले आणि फौजी नाइनला 'नायनर' म्हणतात, कारण गोंगाटात नाइन आणि फाइव्ह एकच वाटतात. आमच्या कक्षात नायनर म्हणणारा एकही भेटला नाही, पण शंका आली की आकडा दोनदा सांगायचा हा रिवाज होता. गाडीच्या मालिकेत आय आणि ओ ही अक्षरं वापरतच नाहीत, एक आणि शून्याशी गोंधळ नको म्हणून. मालिकेत ओ लिहिला गेला असेल तर समजा, ऐकण्यात चूक झाली आहे.

'रॉजर' म्हणजे होकार नव्हे. जुन्या यादीत आरला रॉजर म्हणत, आणि आर म्हणजे रिसीव्ह्ड, मिळालं. आरचा शब्द बदलून रोमिओ झाला तरी रॉजर राहिला. वरिष्ठांनी 'तिकडे जा' म्हटल्यावर तुम्ही नुसतं रॉजर म्हणालात तर ऐकलंत एवढंच कळतं, जाणार की नाही ते कळत नाही. आणि निरोप घेतला की तो परत वाचून दाखवायचा, समोरचा कितीही घाईत असला तरी. तो वैतागेल, वैतागू दे.

सराव कसा करायचा? यादी भिंतीवर लावून काही होत नाही. मी एसटीच्या खिडकीत बसून पुढे जाणाऱ्या गाड्यांचे नंबर पुटपुटत असे. माईक होटेल, वन टू, किलो लिमा. शेजारचे प्रवासी सरकून बसत. त्याहून उपयोगी म्हणजे घरच्या कोणाला तरी रेडिओ मोठ्याने लावून पलीकडच्या खोलीतून नंबर सांगायला लावणं. लिहायचं आपण, आणि मग ताडून बघायचं. पहिल्या दिवशी माझे दहापैकी चार चुकले होते.

एवढं सगळं शिकलेला मी, तीन वर्षांनी एका रात्री क्यू असलेली मालिका आली आणि डोकं कोरं झालं. केबेक काही केल्या आठवेना. शेवटी म्हणालो, 'क्यू फॉर क्वीन.' पलीकडून मुकाट्याने बरोबर वाचून आलं. सकाळी पाळी बदलताना जुने हवालदार चहाचा कप पुढे करत म्हणाले, 'काय रे, काल रात्री राणी ड्युटीवर होती म्हणे?'