घरच्यांना आणि इतरांना तोरा कशी सांगावी

तोरा म्हणजे यहुद्यांचे पाच पवित्र ग्रंथ. त्यांतील देवारीम या पाचव्या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात अशी आज्ञा आहे की, ही वचने आपल्या मुलांना शिकवावीत आणि घरात बसताना, वाटेने चालताना, निजताना व उठताना त्यांविषयी बोलावे. म्हणजे हे काम एकट्या रब्बींचे, म्हणजे धर्मगुरूंचे, नाही, प्रत्येक घराचे आहे.

घरात यासाठी शब्बाथच्या, म्हणजे शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होणाऱ्या साप्ताहिक विश्रांतिदिनाच्या, जेवणाइतका चांगला प्रसंग नाही. त्या आठवड्याची परशा, म्हणजे वाचनासाठी ठरलेला तोराचा भाग, आधी स्वतः वाचावी, तिच्यातील अडखळायला लावणारी एकच जागा निवडावी आणि मध्ययुगीन भाष्यकार राशी (१०४०–११०५) यांच्या भाष्यात तिच्याविषयी काय म्हटले आहे ते पाहून ठेवावे. जेवताना मात्र उत्तर लगेच न देता प्रश्नच आधी सर्वांपुढे मांडावा. बरेशीथ या तोरातील पहिल्या ग्रंथाच्या पहिल्याच वचनावर राशी एक जुना प्रश्न उद्धृत करतात: तोरा जर आज्ञांचा ग्रंथ आहे, तर तिचा आरंभ पहिल्या आज्ञेपासून न होता सृष्टीच्या निर्मितीपासून का व्हावा? या प्रश्नावर लहान मुलांनाही काहीतरी म्हणायचे असते, आणि त्यांचे म्हणणे पूर्ण ऐकून घेतल्यावरच राशींचे उत्तर सांगावे. पेसाख या सणाच्या सेदरची, म्हणजे विधिवत जेवणाची, रीतही हीच आहे. हग्गादा, म्हणजे त्या जेवणात वाचायची पोथी, चार प्रकारच्या मुलांना चार वेगवेगळी उत्तरे देते आणि ज्याला विचारताच येत नाही, त्याच्याशी बोलण्याची सुरुवात मोठ्यांनी करावी, असे सांगते.

शब्बाथला लिहिणे वर्ज्य असल्याने टिपणे शुक्रवारी सूर्यास्तापूर्वीच तयार ठेवावीत. त्यांत देवाचे हिब्रू नाव असेल, तर ते कागद कचऱ्यात न टाकता गनिझासाठी, म्हणजे असे पवित्र कागद जपून ठेवण्याच्या जागेसाठी, वेगळे काढावेत.

जे सांगतो ते कुठले आहे, याबाबत मी फार आग्रही आहे. यहुद्यांचा मूळपुरुष अब्राहाम याने वडिलांच्या मूर्ती फोडल्याची कथा अनेकजण तोरातील म्हणून सांगतात. प्रत्यक्षात ती मिद्राशातील, म्हणजे रब्बींच्या जुन्या कथात्मक भाष्यातील, आहे आणि तसे सांगितल्याने तिचे मोल जराही कमी होत नाही. वचन ज्याचे आहे त्याचे नाव घेऊन ते सांगणारा जगात मुक्ती आणतो, असे पिर्के आवोथ या रब्बींच्या वचनसंग्रहात म्हटले आहे. हलाखाचा, म्हणजे धर्मनियमांबाबतचा, निर्णय हवा असेल, तर मात्र विचारणाऱ्याला रब्बींकडेच पाठवावे.

यहुदी नसलेल्या मित्राशी बोलताना जेवढे विचारले तेवढेच सांगावे, कारण यहुदी धर्म दुसऱ्यांना आपल्यात ओढू पाहत नाही. तालमूद या रब्बींच्या चर्चांच्या ग्रंथात यहुदी नसलेला एकजण हिल्लेल या जुन्या ज्ञानी गुरूकडे येतो आणि एका पायावर उभे राहता येईल तेवढ्या वेळात सारी तोरा शिकवायला सांगतो. हिल्लेल त्याला म्हणतो की, जे तुला नकोसे वाटते ते दुसऱ्याशी करू नकोस. बाकी सारे भाष्य आहे, जा आणि शीक. त्यातले शेवटचे दोन शब्द विसरू नयेत. ज्याला खरोखर पुढे जायचे आहे, त्याच्याबरोबर खाव्रुथा करावी: आठवड्यातील एक वेळ ठरवून दोघांनी एकच उतारा मोठ्याने वाचावा आणि आळीपाळीने एकमेकांना समजावून सांगावा.